विणणावळ किती?

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. आमच्या सोसायटीतल्या एक वहिनी दुपारी चहाला आल्या आणि चहा संपता संपता कामाचं बोलल्या. "लेकीला सातवा लागलाय. बाळंतविड्यात तुमच्या हातचा सेट हवा. स्वेटर, टोपडं आणि मोजे. पिवळा करा, म्हणजे मुलगा काय, मुलगी काय, कुणालाही चालेल." मी लगेच हो म्हटलं. विणणाऱ्या बाईला 'तुमच्या हातचा' एवढे शब्द पुरतात. पैशांचं त्यांनी दारात चपला घालताना विचारलं, "आणि द्यायचे किती?"

हा प्रश्न मला चाळीस वर्षांत कधी नीट सोडवता आलेला नाही. "अहो, पैशांचं काय घेऊन बसलात! लोकरीचे होतील ते द्या आणि वर काय वाटतील ते," असं मी नेहमीप्रमाणे म्हणाले. शेवटी त्यांनीच आकडा काढला, पाचशे. मी मान डोलावली. मनातून बरंही वाटलं. निवृत्त होऊन कोलशेतच्या या टॉवरमध्ये राहायला आल्यापासून संध्याकाळ खायला उठते. तिथे हाताला काम मिळालं, वर ५०० रुपये. आणखी काय हवं?

सेट झाला, पोचला, त्याचं कौतुक झालं. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो फिरला. पंधरा दिवसांत आणखी चार जणींनी विचारलं. चौघींनाही मी तोच दर सांगितला.

मग एका सकाळी दारावरची बेल वाजली. दारात चाळिशीतली एक बाई उभी होती, हातात कापडी पिशवी. "मी खाली गावात राहते, काकू. स्वेटर विणता त्या तुम्हीच ना?" मला वाटलं, शिकायला आली असेल. आत बोलावलं, पाणी दिलं. तिने पिशवीतून एक सेट काढून माझ्यापुढे ठेवला. मी चष्मा लावला आणि बघत राहिले. गळ्याचे टाके एकसारखे, बाह्यांची जोडणी हाताला लागत नव्हती. काम माझ्यापेक्षा सरस होतं.

"मी याचे पंधराशे घेते," ती म्हणाली. "पाच-सहा वर्षं टॉवरमधल्या बायकांचीच कामं मिळायची. यंदा तिघींनी सांगितलं की वरच्या काकू पाचशेत देतात. म्हणून विचारायला आले. लोकर तुम्हाला कुठे स्वस्त मिळते का?"

भांडायला यावं असं माझं वागणं होतं, आणि ती बिचारी लोकरीच्या दुकानाचा पत्ता विचारायला आली होती.

दुकान आम्हा दोघींचं एकच निघालं, ठाणे स्टेशनजवळच्या बाजारातलं. भावही एकच. मला पाचशेत परवडत होतं ते लोकरीमुळे नाही, पेन्शनमुळे.

घड्याळ लावून

कोलशेतमध्ये आता दोन गावं नांदतात. एक खाडीकाठचं जुनं गावठाण, कोळी-आगऱ्यांचं. दुसरं आमचं, तीस-तीस मजल्यांचं. मधल्या काळात कोलशेत रोडवर कारखाने होते. सँडोझसारख्या कंपन्यांमध्ये इथे कापडाचे रंग तयार होत. ते कारखाने गेले आणि जमिनीवर टॉवर आले. त्या बाईचा नवराही अशाच एका कारखान्यात होता. तो बंद झाल्यापासून रिक्षा चालवतो. तिची कमाई म्हणजे थंडीच्या चार महिन्यांत लोकरीचं काम आणि एरवी क्रोशाची तोरणं, रुमाल. हे सगळं त्या सकाळी चहा घेताना कळलं.

त्या रात्री मी जन्मात पहिल्यांदा घड्याळ समोर ठेवून विणायला बसले. साध्या सुलट-उलट विणीत माझा वेग निघाला मिनिटाला २५ टाके. मग कागद-पेन्सिल घेतली. नवजात बाळाच्या स्वेटरचा घेर साधारण ५० सेंटिमीटर. बारीक लोकरीत दहा सेंटिमीटरला २८ टाके बसतात, म्हणजे घेराला १४०. उंची २६ सेंटिमीटर. दहा सेंटिमीटरला ३६ ओळी धरल्या तर ९४ ओळी. गुणाकार केला, तर झाले १३ हजार टाके. दोन बाह्यांचे मिळून ५ हजार. एकूण १८ हजार. मिनिटाला २५ प्रमाणे बारा तास. पुढच्या पट्ट्या, बाह्या जोडणं, गुंड्या लावणं, लोंबणारे धागे आत घालणं, धुऊन आकारात वाळत घालणं यांचे तीन तास. टोपड्याला साडेतीन तास, मोज्यांना अडीच. असे एका सेटला २१ तास.

लोकर, गुंड्या आणि रिबीन मिळून २६० रुपये झाले होते. पाचशेतून ते वजा केल्यावर उरले २४०. त्याला भागिले २१. तासाला पुरते साडेअकरा रुपयेही नाहीत.

आमच्याकडे पोळ्या करायला मावशी येतात. रोजच्या एका तासाचे मी त्यांना महिन्याला २,४०० रुपये देते, म्हणजे तासाला ८०. 'काय वाटतील ते द्या' असं मावशींनी मला कधी म्हटलेलं नाही. त्यांच्याच दराने सेटची मजुरी काढली तर १,६८० रुपये होते, लोकर धरून १,९४०. म्हणजे गावातली ती बाई पंधराशेत स्वतःच्या हातांना तासाला जेमतेम साठ रुपये लावत होती, आणि मी तिचेही पाय ओढत होते, तेही मोठं मन दाखवल्याच्या समाधानात.

हक्काची 'णावळ'

मराठी भाषेला मजुरीचा संकोच नाही. गिरणीवाल्याची दळणावळ, सोनाराची घडणावळ, धोब्याची धुणावळ, शिंप्याची शिलाई. प्रत्येक शब्दात एक सरळ व्यवहार आहे. माल तुमचा, श्रम माझे आणि दोन्हींचा हिशेब वेगळा. गहू तुम्ही महागातला आणलात की रेशनचा, हे गिरणीवाला विचारत नाही. सोन्याचा भाव कितीही हलला तरी सोनाराच्या पावतीवर घडणावळ स्वतंत्र ओळीत असते. आणि ब्लाउजची शिलाई कापडापेक्षा जास्त झाली तरी कुरकुरत का होईना, आपण ती देतोच.

याच चालीचा विणणावळ हा शब्दही मराठीत आहे. पण तो मागावरच्या कापडाचा. दोन सुयांवरच्या विणकामाला तो कधी लागला नाही. तिथे आपण 'लोकरीचे द्या' म्हणतो आणि मोकळे होतो. शिंप्याला कापडाचे पैसे देऊन शिलाईऐवजी कौतुक दिलं, तर तो दुसऱ्या दिवशी दुकान कशाला उघडेल?

याचं कारण आमच्याच घरांत आहे. विणकाम आमच्याकडे आलं ते फावल्या वेळचं म्हणून, आणि राहिलं ते मायेचं म्हणून. १९६२ साली चीनचं युद्ध झालं तेव्हा देशभर बायकांनी जवानांसाठी स्वेटर आणि मोजे विणले. माझी आई त्यांतलीच एक. कंदिलाशी बसून विणलेल्या त्या हिरव्या स्वेटरांच्या गोष्टी ती शेवटपर्यंत सांगायची. त्यांची किंमत कुणी विचारली नाही, विचारणं शोभलंही नसतं. पण ते दान होतं. आईने त्यातला एकही स्वेटर अर्ध्या किमतीत विकला नव्हता.

विणणारीच्या वेळेला मोल नसणं हे आपल्याकडचंच आहे असं मात्र नाही. स्कॉटलंडच्या उत्तरेला शेटलंड नावाची बेटं आहेत. तिथल्या बायकांच्या हातच्या जाळीदार शाली एकोणिसाव्या शतकात लांबलांबपर्यंत नावाजल्या गेल्या. अख्खी शाल अंगठीतून ओढून काढता यावी इतक्या त्या तलम असत. पण बेटावरचे व्यापारी शालीच्या बदल्यात पैसे न देता आपल्याच दुकानातला चहा किंवा कापड देत. ब्रिटिश सरकारने १८७१-७२ मध्ये या पद्धतीची चौकशी केली, तेव्हा तिथल्या विणणाऱ्या बायकांनी पुढे येऊन साक्षी दिल्या. घरभाडं भरायला आणि भाकरीचं पीठ आणायला चहाची पुडी चालत नाही, ही साधी गोष्ट त्यांना सरकारदरबारी जाऊन सांगावी लागली. आपल्याकडे चहाच्या जागी कौतुक असतं, एवढाच फरक.

वजनावर की टाक्यावर?

मजुरी घ्यायची हे एकदा मान्य केलं, तरी ती मोजायची कशी? माझ्या आईच्या वेळी जिथे कुठे मजुरी घेतली जाई, तिथे ती औंसावर असे. इतके औंस लोकर, त्याचे इतके पैसे. ऐकायला सोपं, पण यात बारीक काम करणारी नागवली जाते. जाड लोकरीच्या शंभर ग्रॅमच्या गोळ्यात साधारण दोनशे मीटर धागा निघतो, बारीक लोकरीच्या तेवढ्याच वजनात चारशे. वजन तेच, काम दुप्पट. बाळाचे कपडे तर बारीक लोकरीचेच हवेत.

'लोकरीच्या किमतीच्या दुप्पट' हाही एक ठोकताळा आहे. माझा पाचशेचा दर जवळजवळ त्याच हिशेबात बसत होता. साध्या ॲक्रिलिकच्या जागी महाग मेरिनो लोकर आली तर त्याच टाक्यांना तिप्पट मजुरी कशी काय लागते, याचं उत्तर त्यात नाही.

तासावर पैसे घ्यावेत, तर सावकाश विणणारीचा भुर्दंड गिऱ्हाइकाने का सोसावा? राहतो तुकड्यावरचा दर. तो काही नवा नाही. आमच्या कोलशेतच्या रेतीबंदरावर उभं राहिलं की खाडीपलीकडे भिवंडी तालुका दिसतो. तिथे यंत्रमागावरच्या कारागिराची मजुरी विणलेल्या मीटरवर मोजतात. दर अपुरा म्हणून भांडणं होतात, पण मजुरीला माप असावं याबद्दल वाद नाही.

कायदाही तुकड्याचं काम ओळखतो. १९४८ च्या किमान वेतन कायद्यात तुकड्यावरच्या कामाला किमान दर ठरवण्याची सोय होती. आता त्याच्या जागी २०१९ ची वेतन संहिता आली आहे. घरी बसून मालकाचं काम करणाऱ्यांसाठी आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९९६ साली स्वतंत्र करारही केला. भारताने त्याला अजून मान्यता दिलेली नाही. आणि दिली तरी आमचा प्रश्न सुटत नाही. शेजारणीच्या नातवासाठी विणणाऱ्या बाईला मालकच नसतो. तिला असतं गिऱ्हाईक, तेही ओळखीचं, संक्रांतीला हळदीकुंकवाला येणारं. तिचा दर सरकार ठरवणार नाही. तो विणणाऱ्यांनीच ठरवायला हवा, आणि एकीने.

एकीने ठरवला तर काय होतं, याचं उदाहरण मुंबईतच आहे. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली. तेच आजचं लिज्जत. भिजवलेलं पीठ घरी न्यायचं, पापड लाटून आणायचे आणि किलोमागे ठरलेली मजुरी घ्यायची, ही त्यांची रीत. त्या सात जणींत एखादी सुखवस्तू बाई असती आणि म्हणाली असती, "मला काय गरज आहे? मी आपली निम्म्यात लाटते," तर? ती एकटी उदार ठरली असती आणि बाकीच्या सहा जणी घरी बसल्या असत्या.

ती एकटी म्हणजे कोलशेतमध्ये मी होते.

सहा जणींची बैठक

मी तिला फोन केला. एका रविवारी दुपारी गावात तिच्या ओसरीवर आम्ही सहा जणी जमलो. चौघी गावातल्या, दोघी टॉवरमधल्या. सासरे कोपऱ्यात जाळ्याची फाटलेली घरं सांधत बसले होते. आम्ही प्रत्येकीने एकाच लोकरीचा, २८ टाके आणि ३६ ओळींचा चौकोन विणला. म्हणजे हजाराच्या आसपास टाके. घड्याळाकडे बघायला शेजारची एक शाळकरी मुलगी बसवली. सर्वांत आधी सुया खाली ठेवल्या त्या घरच्या मालकिणीने, ३१ मिनिटांत. सगळ्यात शेवटची ५० मिनिटांत. मी ४०. सहा जणींची सरासरीही बरोबर ४० आली.

तासाला ८० धरले तर हजार टाक्यांचे त्रेपन्न होतात. हिशेबाला सोपे म्हणून पन्नास ठरवले. साध्या विणीला हजार टाक्यांमागे ५० रुपये. जाळीची वीण, वेणीची वीण किंवा दोन रंगांची नक्षी असेल तर ७५. जोडणी आणि धुलाई वेगळी. लोकरीचे पैसे आधी. माप गिऱ्हाइकाने चुकीचं दिलं तर उसवून पुन्हा विणण्याचे पैसे द्यायचे. हातातली चलाखी जिची तिची. जलद विणणारीला तासाला जास्त सुटतील, सावकाश विणणारीला कमी, आणि गिऱ्हाइकाला दोन्हीकडे किंमत एकच. बाळाच्या सेटचे टाके होतात २७ हजार, त्याचे १,३५०. जोडणी-धुलाईचे २४०. लोकर २६०. एकूण १,८५०.

आकडा ऐकून आमच्यातलीच एक दचकली. "एवढे कोण देणार? हिवाळ्यात परळला तिबेटी लोकांच्या दुकानांत चांगला स्वेटर याच्या कितीतरी खाली मिळतो."

मिळतो. तो लुधियानाहून येतो आणि यंत्रावर विणलेला असतो. त्याच्याशी आपली स्पर्धा नाही, हे आपणही समजून घ्यावं आणि गिऱ्हाइकालाही सांगावं. मोठ्या माणसाच्या पूर्ण बाह्यांच्या स्वेटरला जाड लोकरीतसुद्धा पन्नास हजारांच्या वर टाके लागतात. म्हणजे नुसती विणणावळच अडीच हजारांच्या पुढे. ठाण्यात स्वेटर घालावा असे दिवस वर्षातून किती येतात? अशा कामाला कुणी आलं तर मी आता सरळ सांगते, बाजारातून घ्या. न्याय्य दर लावला की काही कामं जातात. ती जाऊ द्यावीत. ती कामं टिकली होती ती बाईच्या फुकट तासांवर.

त्या बैठकीत मी स्वतःसाठी एक नियम केला. द्यायचं तर पूर्ण फुकट द्यायचं, भेट म्हणून, कागदात बांधून. विकायचं तर पुऱ्या दराने. अधलंमधलं नाही. भेटीमुळे कुणाचा दर पडत नाही. अर्ध्या किमतीत विकलं की शेजारणीच्या ताटातलं जातं.

पावतीवरची दुसरी ओळ

सगळं गोडीगुलाबीने झालं असं सांगितलं तर ते खोटं होईल. माझ्या चार कामांपैकी दोन दर ऐकून परत गेली. ज्यांना मी पाचशेचा शब्द देऊन बसले होते, त्या दोघींचं काम त्याच दरात पुरं केलं, कारण शब्द माझा होता. पहिल्या वहिनी फेब्रुवारीत पुतणीसाठी सेट सांगायला आल्या. नवा दर ऐकून म्हणाल्या, "अहो, तीन महिन्यांत चौपट?" मी म्हटलं, "वहिनी, पहिला सेट तुम्हाला भेट होता. तेव्हा मलाच ते कळलं नव्हतं." त्या थोडा वेळ गप्प राहिल्या, मग हसल्या आणि फक्त टोपडं-मोजे सांगून गेल्या. मैत्री शाबूत आहे. हळदीकुंकवाचं बोलावणंही आलं.

गावातल्या तिच्याकडे मार्च अखेरपर्यंत पाच सेटची कामं झाली. आधीच्या वर्षी अकरा झाली होती, म्हणजे संख्या निम्म्यावर आली. पण पंधराशेच्या दरात तिच्या हातांना सेटमागे १,२४० रुपये पडत, आता १,५९० पडतात. पूर्ण तोटा भरून निघाला नाही, हे तिने मला न लपवता सांगितलं. मी केलेलं नुकसान एका हंगामात फिटणारं नव्हतं. आता काम माझ्याकडे आलं की मी आधी तिचा नंबर देते.

एक सुधारणा मात्र तिने केली, ती आम्हा कुणालाच सुचली नव्हती. तिने दहा रुपयांचं पावतीपुस्तक आणलं. प्रत्येक कामाची पावती, दोन ओळींत. पहिली ओळ : लोकर, गुंड्या, रिबीन, २६० रुपये. दुसरी ओळ : विणणावळ, १,५९० रुपये.

परवा मी तिच्या ओसरीवर बसले होते, तेव्हा आमच्या टॉवरमधली एक तरुण मुलगी बाळाचा सेट न्यायला आली. तिने पावती वाचली, दुसऱ्या ओळीवर थांबली आणि विचारलं, "काकू, हे विणणावळ म्हणजे काय?"

मी काही बोलायच्या आत ती म्हणाली, "दळणावळ असते ना, तसंच. गहू तुमचे, दळणं आमचं."

मुलीने पैसे मोजून दिले आणि पावती नीट घडी घालून पर्समध्ये ठेवली.